बार नंतर, बुश आधी : स्पोर्टस कारच्या सस्पेन्शनची आणि चासीची दुरुस्ती

शारजातील एका गॅरेजात काम करणाऱ्या, मूळच्या राजापूरकडील एका तरुण कारागिराचा मागील महिन्यात आम्हांला फोन आला. त्याच्या वडिलांशी आमचा जुना घरोबा, त्यामुळे तो आम्हांला चाचा म्हणतो. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन आले होते. दोन आसनांची, उघड्या टपाची, १९९० च्या दशकातली गाडी. सोबत एक चकचकीत खोके होते. त्यात इंजिनावरून आडवा जाणारा टॉवर बार, गाडीच्या पोटाखाली लावायचे दोन ब्रेस आणि गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा संच. "चाचा, गाडी खड्ड्यात खडखडते, वळणावर अंग टाकते. शेठ म्हणतो, हे सगळं बसव म्हणजे गाडी आवळून येईल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बसवू का?"

आम्ही म्हटले, "आत्ता बसवू नकोस. आधी गाडी घोड्यांवर चढव आणि बुश बघ."

त्याला हे फारसे आवडले नाही. वर्षअखेर स्वतःचा गाळा घ्यायचे त्याच्या मनात आहे, आणि जुन्या स्पोर्टस कार बाळगणाऱ्या तिथल्या मंडळींत या एका गिऱ्हाइकाचा शब्द चालतो. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार, माल समोर तयार, आणि आपण नको म्हणायचे, हे त्याला धंद्याच्या विरुद्ध वाटले. त्याच्याशी झालेले बोलणे येथे सविस्तर मांडण्याचे कारण असे की, आखातात मोटारींच्या कामावर असलेले आमचे अनेक वाचक याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. मुंबई-पुण्यात साध्या गाडीला 'स्पोर्टी' करून मागणारी गिऱ्हाइकेही आता कमी नाहीत. गाडी कोणतीही असो, नियम तोच लागू पडतो.

प्रथम ही गाडी कोणती ते पाहू. एमएक्स-५ ही जपानच्या हिरोशिमा येथील माझदा कंपनीची गाडी. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. पहिली पिढी १९९७ पर्यंत निघाली, दुसरी १९९८ ते २००५ या काळात. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्टस गाड्यांत हा विक्रम आहे. पहिल्या पिढीची गाडी जेमतेम साडेनऊशे ते हजार किलो वजनाची. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब चौकट पोटातून जाते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. भारतात ही गाडी कंपनीने कधी विकली नाही. आखातात मात्र जुन्या एमएक्स-५ पाहावयास मिळतात, आणि त्यांचे मालक त्यांच्यावर मनापासून खर्च करतात.

झाकण नसलेले खोके

चपलांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. झाकण लावून दोन टोकांना धरून पिळा, ते सहजी पिळत नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा, लगेच मुरडते. उघड्या टपाच्या गाडीचे नेमके हेच होते. साध्या मोटारीत टप हा त्या खोक्याचे झाकण असतो. तो नसला की सारा जोर दारांखालचा पत्र्याचा उंबरा, मधला बोगदा आणि जमीन यांच्यावर येतो. खराब रस्त्यावर आरसा थरथरतो, काचेची चौकट आणि डॅशबोर्ड वेगवेगळे हलल्यासारखे वाटतात, दाराच्या फटीतून चूं-चूं आवाज येतो. कारखान्याने ही गाडी बांधतानाच तो पीळ शक्य तितका कमी केला होता, पण पूर्णपणे तो कोणीच काढू शकत नाही.

आता याचा सस्पेन्शनशी काय संबंध? स्प्रिंग आणि शॉकअप यांचे काम असे की चाकाने वर-खाली व्हावे आणि बॉडीने स्थिर राहावे. बॉडीच मुरडू लागली तर ती स्वतःच पाचवी स्प्रिंग बनते, आणि या पाचव्या स्प्रिंगला शॉकअप नसतो. मऊ स्प्रिंगांवर हा दोष झाकला जातो, कारण धक्का स्प्रिंगच गिळते. स्प्रिंगा दुप्पट कडक करा, तोच धक्का बॉडीपर्यंत जातो आणि गाडी अधिकच थरथरते. म्हणजे कडक स्प्रिंगांना मजबूत बॉडी लागते, हे गिऱ्हाइकाने कोठेतरी वाचलेले खरेच आहे. त्याची चूक एवढीच की खडखडाट आणि पीळ या दोन वेगळ्या दुखण्यांना त्याने एकच औषध आणले.

खडखडाट कोठून येतो

तीस वर्षांच्या गाडीत पहिले जाते ते रबर. या गाडीच्या चार कोपऱ्यांत मिळून डझनावर बुश आहेत. आखाती उन्हात रबर वाळते, चिरते, आतल्या लोखंडी नळीपासून सुटते. मग आर्म आपल्या जागी न फिरता थोडा पुढे-मागे सरकतो. ब्रेक दाबला की चाक मागे जाते, रेस दिली की पुढे. चालकाला वाटते चासी ढिली झाली. वस्तुतः चासी जागेवर असते, चाकच जागेवर नसते.

तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. गाडी उचला, चारही घोड्या नीट लावा, मग टॉमीने प्रत्येक बुशापाशी आर्म हळूच उचकटून पाहा. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. मेलेला बुश खुळखुळतो किंवा त्याची चीर उघडते. चाक वर-खाली धरून हलवले आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेरिंग. डावे-उजवे हलवून खेळ आला तर टाय रॉडचे टोक. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली असेल तर आत वाळू गेलीच म्हणून समजा. अँटिरोल बारच्या लिंका हाताने हलवून पाहा. लहान खड्ड्यातला टक-टक आवाज पुष्कळदा तेथूनच येतो आणि ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती असते. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे काय, वरच्या टोकाचे रबर बसले आहे काय, तेही पाहावे.

शॉकअपच्या दांड्यावर फोमचा बंप स्टॉप असतो. या गाडीत त्याचे महत्त्व इतर गाड्यांपेक्षा जास्त आहे. एमएक्स-५ च्या चाकाला वर जायला मुळातच जागा थोडी असते, आणि कारखान्याने बंप स्टॉपला जवळजवळ मदतनीस स्प्रिंगसारखे वापरले आहे. जुना फोम बोटात धरला की भुगा होतो. तो गेला की खड्ड्यात लोखंड लोखंडावर आपटते. अशा गाडीला आखूड स्प्रिंगा घातल्या तर ती सदासर्वदा त्या भुग्यावरच बसून चालेल. यास्तव आमचे म्हणणे असे की उंची कमी करायचीच असेल तर पंचवीस मिलीमीटरच्या आसपास थांबावे, नवे बंप स्टॉप घालावेत, आणि त्या स्प्रिंगांना साजेसेच शॉकअप घ्यावेत. कडक स्प्रिंग आणि थकलेला मऊ शॉकअप अशी जोडी जमवली तर गाडी वळणावर उड्या मारते. बिलस्टीन किंवा कोनीसारखे शॉकअप महाग वाटतात, पण दोन वेळा स्वस्त माल घालून दोन वेळा मजुरी मोजण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर लावावेत आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नये. काथ्या किंवा तार बांधून स्प्रिंग दाबण्याची आपल्याकडची सवय आम्हीही तरुणपणी पाहिली आहे. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते, डोके फोडते. पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी तो धोका पत्करणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणणार नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत काही बदलायचेच नसते. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास या गाडीचे स्टिअरिंग थरथरते, अशी तक्रार पुष्कळ मालक करतात आणि चासीला दोष देतात. गाडी हलकी असल्याने चाकाच्या बॅलन्समधली थोडीशी चूकही हाताला कळते. आधी चारही चाके चांगल्या यंत्रावर बॅलन्स करून घ्या. दुसरी गोष्ट हवेची. मूळ १४ इंची चाकांना कंपनीने २६ पौंड हवा सांगितली आहे. आपले हात ३२-३५ भरायला सरावलेले असतात. एवढ्या हलक्या गाडीत ३५ पौंड भरले की टायर दगड होतो आणि गिऱ्हाईक म्हणते सस्पेन्शन कडक झाले. टायरच्या अंगावरचे चार आकडेही वाचावेत: २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक आहे म्हणून उन्हात वाळलेला जुना टायर चालतो, हा समज चुकीचा.

आमच्या हातून झालेली चूक

बुश बदलण्याच्या कामात एक चूक अशी आहे की ती करताना काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. आम्ही ती केली आहे, म्हणून सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या आमच्या गॅरेजात एका नेहमीच्या गिऱ्हाइकाची लहान मोटार आली होती. पुढचे लोअर आर्म काढले, प्रेसवर नवे बुश बसवले, आर्म जागेवर लावले आणि गाडी घोड्यांवर असतानाच, चाके लोंबकळत असताना, सारे बोल्ट कचकचून आवळले. मग गाडी खाली उतरवली. गाडी छान चालली, गिऱ्हाईक खूश झाले. आठ महिन्यांत ते परत आले, तोच खडखडाट घेऊन. बुश काढून पाहिले तर रबर फाटून दोन तुकडे. आम्ही माल विकणाऱ्याला बोल लावला, त्याच्याशी भांडलो. नंतर एका वयस्क उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, "बोल्ट आवळताना चाक कुठे होते?"

गोष्ट साधी आहे. साध्या रबरी बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते आणि आर्म हलतो तो केवळ रबराला पीळ देऊन. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर त्या लोंबत्या अवस्थेत रबर सैल राहते, आणि गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचे पिळलेले राहते. त्यात खड्ड्यांचा पीळ भर घालतो. रबर किती दिवस टिकणार? दुकानदार निर्दोष होता. आम्ही त्याच्याकडे जाऊन तसे सांगितले, आणि गिऱ्हाइकाचे काम आमच्या खर्चाने पुन्हा केले.

योग्य रीत अशी: गाडी उचलण्यापूर्वीच, सपाट जागेवर, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून ठेवावे. काम झाल्यावर बोल्ट फक्त हाताने टेकवावेत. मग खालून आर्मला जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत चाक वर घ्यावे आणि तेव्हाच टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाप्रमाणे आवळावे. स्प्रिंगा बदलून उंची कमी होणार असेल तर नव्या उंचीचे माप धरावे. चाके टेकवून गाडी उभी करता येईल असा रॅम्प असेल तर उत्तमच.

काही गिऱ्हाइके रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश मागतात. त्यांत नळी आत मोकळी फिरते, त्यामुळे वरचा नियम त्यांना तसा लागत नाही, आणि चाक जागेवर जास्त ठाम राहते. पण त्यांना योग्य ग्रीस लागते, वाळू गेली की ते कुरकुरतात, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत ऐकू येतो. रोजच्या गाडीला आम्ही रबरच घालू. शर्यतीच्या मैदानावर महिन्यातून दोनदा जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. भंगारातल्या गाडीचे आर्म घेण्यास हरकत नाही, ते वाकलेले नसावेत एवढे पाहावे. पण भंगारातले जुने बुश कधीही घालू नयेत.

बुश बदलले की अलाइनमेंट आलेच. या गाडीत चारही चाकांचा कोन बदलता येतो. पुढच्या आणि मागच्या लोअर आर्मच्या बोल्टांवर तिरके कॅम असतात, ते फिरवून कॅम्बर, कॅस्टर आणि मागच्या चाकांचा टो जुळवतात. पुढचा टो टाय रॉडवरून. मात्र गंजलेला कॅम बोल्ट बुशाच्या नळीत असा बसतो की फिरत नाही. कित्येक अलाइनमेंटवाले तो तसाच सोडून देतात आणि फक्त पुढचा टो जुळवून पैसे घेतात. कागदावर चारही चाकांचे आकडे छापून मागावेत. आमच्या मते रस्त्यावरच्या गाडीला पुढे साधारण एक अंश उणे कॅम्बर, मागे त्याहून अर्धा अंश अधिक, आणि टो अगदी नाममात्र ठेवावा. चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतके ओझे ठेवून माप घ्यावे. साडेनऊशे किलोच्या गाडीत सत्तर किलोचा माणूस बसल्याने फरक पडतो.

आता बार

एवढे सगळे झाल्यावर गाडी चालवून पाहावी. आमचा अनुभव असा की निम्म्या गिऱ्हाइकांना येथेच समाधान वाटते. राहिला तो खरा पीळ, आणि त्यासाठी ब्रेस.

टॉवर बार सर्वांना आवडतो, कारण बॉनेट उघडले की तो दिसतो. मारुती ८०० सारख्या गाडीत पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचे असते. तेथे चाकाचा वरचा आधार म्हणजेच तो टॉवर. टॉवर आत-बाहेर झाला की चाकाचा कोन बदलतो, म्हणून दोन टॉवर जोडण्याला तेथे अर्थ आहे. एमएक्स-५ मध्ये वरचा आणि खालचा दोन्ही आर्म खालच्या सबफ्रेमला लागतात. टॉवरवर केवळ स्प्रिंग आणि शॉकअपचा भार येतो. तेव्हा बार लावल्याने स्टिअरिंग थोडे नेटके वाटेल, पण चाकाचा कोन त्याच्यावर अवलंबून नाही. अलबत, तो अगदीच निरुपयोगी म्हणता येणार नाही. १९९९ साली निघालेल्या दहाव्या वर्धापनाच्या आवृत्तीला खुद्द कंपनीनेच असा बार दिला होता. पण खर्चाच्या यादीत त्याचा नंबर शेवटचा.

कंपनीने स्वतः काय केले ते पाहणे अधिक शिकवणारे आहे. सुरुवातीची गाडी १.६ लिटरची होती. १९९३ मध्ये १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा माझदाने पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमला जोड दांडे दिले आणि आसनांच्या मागे, पट्ट्यांच्या दोन खांबांमध्ये, एक आडवा बार टाकला. म्हणजे इंजिनिअरांनी मजबुती शोधली ती गाडीच्या पोटात आणि कमरेत.

बाहेरच्या मालातही तोच क्रम ठेवावा. या गाडीच्या जमिनीखाली दोन लांब, पातळ पत्र्याच्या पट्ट्या आहेत. कुणीतरी तेथे जॅक लावून त्या चेपवलेल्या असतातच. आम्ही पाहिलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत त्या चपट्या झालेल्या होत्या. चेपलेली पट्टी म्हणजे कणाच मोडलेला. आधी ती सरळ करावी आणि तिच्यावर जाड पत्र्याचे यू-चॅनेल बोल्टांनी चढवावे. त्यानंतर दोन्ही पट्ट्यांना मधल्या बोगद्याखालून जोडणारा फुलपाखराच्या आकाराचा ब्रेस. फळ्यांच्या दाराला सुतार जी तिरकी पट्टी ठोकतो, तिचेच हे काम. चौकोन मुरडतो, त्रिकोण मुरडत नाही. हाच हिशोब घेऊन माल पारखावा: इंजिनाला वळसा घालून वाकवलेला शोभेचा बार, किंवा दोन्ही टोकांना खिळखिळे सांधे असलेला बार, दाबाला तेवढा ठाम राहत नाही. सरळ, जोड कमी असलेला, टोकाला रुंद पट्टी असलेला बार घ्यावा.

बसवताना तीन गोष्टी. गाडी आपल्या चाकांवर, सपाट जागेवर उभी असावी. एका कोपऱ्यावर उचललेली उघडी गाडी आधीच मुरडलेली असते आणि त्या अवस्थेत बार आवळला की ती वाकडीच जखडली जाते. भोके जुळत नसतील तर टॉमीने ओढून जुळवू नये, बॉडी कोठे वाकली आहे ते शोधावे. पोकळ पट्टीतून आरपार बोल्ट घालायचा तर आत नळीचा तुकडा आणि पलीकडे रुंद पट्टी हवीच, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा बसतो. पाडलेल्या प्रत्येक भोकाला लगेच झिंकचा प्रायमर आणि आतून मेण द्यावे.

फरक पडला की नाही हे गिऱ्हाइकाला दाखवण्याची एक स्वस्त रीत आहे. काम सुरू करण्यापूर्वी पुढच्या एका कोपऱ्याला ठरलेल्या उंचीपर्यंत जॅक द्या आणि दार व बॉडी यांमधली फट वर-खाली मोजून लिहा. ब्रेस लावल्यावर तेच पुन्हा करा. फटीत पडणारा फरक कमी झालेला दिसला की वाद उरत नाही. दिसला नाही तर बार काढून परत द्यावा.

वेल्डिंग करून मजबुती देण्याच्या फंदात घाईने पडू नये. बॅटरीचे तार काढल्याशिवाय, पेट्रोलची नळी आणि एअरबॅगची जोडणी पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि गंजलेल्या पत्र्यावर ब्रेस लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला लोखंडी पट्टी ठोकणे. या गाडीत मागच्या चाकापुढचा उंबरा आतून सडतो, कारण कापडी टपाचे पाणी जाण्याची नळी कचऱ्याने तुंबते. दुसऱ्या पिढीत पुढच्या चासीच्या पोकळ पट्ट्याही आतून गंजतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकावा. निचऱ्याच्या नळ्या वर्षातून दोनदा साफ कराव्यात. जॅक पुढे सबफ्रेमच्या मधोमध, मागे डिफरेन्शियलखाली, आणि घोडी उंबऱ्याच्या शिवणीवर ठरलेल्या जागी. जमिनीच्या पट्ट्यांवर कधीही नाही.

कायदा आणि हिशोब

अमिरातीत परवानगीशिवाय चासीत बदल करणे हा वाहतुकीचा गुन्हा आहे, गाडी जप्तही होऊ शकते. काम घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडे परवानगीचा कागद मागावा. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाच्या विरुद्ध फेरफार करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा फेरफारास मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. थकलेला बुश बदलणे म्हणजे दुरुस्ती, बॉडीला नवे लोखंड जोडणे म्हणजे फेरफार. बिलावर हे दोन वेगळे लिहावेत.

मजुरीविषयी आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगितले की तपासणीचे पैसे वेगळे घे. आपला कारागीर तासभर गाडीखाली झोपून नेमके दुखणे सांगतो आणि त्याचे काहीच घेत नाही. मग माल खपवल्याशिवाय त्याचे पोट भरत नाही, आणि न लागणारा बार विकला जातो तो असा. तपासणीचा कागद दे, दोन टप्प्यांचा अंदाज लिही: आधी रबर, शॉकअप, अलाइनमेंट, मग गाडी चालवून, गिऱ्हाइकाच्या मर्जीने, ब्रेस. काढलेले जुने बुश पिशवीत घालून त्याच्या हाती दे. पाचशे किलोमीटरनंतर सारे बोल्ट पुन्हा तपासायला बोलाव, आणि ती तारीख बिलावरच लिही.

गेल्या शुक्रवारी त्याचा पुन्हा फोन आला. बारचे खोके अजून तसेच बंद आहे. पुढच्या आर्ममधले चार बुश फाटलेले निघाले, मागच्या एका शॉकअपचा बंप स्टॉप हाताला भुगा होऊन आला. गिऱ्हाईक आधी नाराज झाले, मग गाडीखाली वाकून स्वतः पाहिले आणि पहिल्या टप्प्याचे पैसे देऊन गेले. अडचण आता निराळीच आहे: मागच्या डाव्या चाकाच्या हबमधून आरपार जाणारा लांब बोल्ट नळीत जाम झाला आहे. दोन दिवस तेल सोडून, ठोकूनही हलत नाही. आम्ही सांगितले, त्याच्या डोक्यावर घण घालत बसू नकोस, हब तडकेल. आधी नवा बोल्ट हातात येऊ दे, मग जुना दोन्ही बाजूंनी कापून प्रेसवर काढ.